भोळा म्हणजे तसा नव्हे

फोन आला तेव्हा तुळशीदास अर्धवट झोपेत होता, आणि अर्धवट झोपेत माणसाने कुणाच्याही स्वभावाचं वर्णन करू नये, हे त्याला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

दिवाळी नुकतीच उरकली होती. जव्हारला या दिवसांत दुपारचं एक पिवळसर, सुस्त ऊन पडतं. डोंगर जागचे हलत नाहीत हे शाळेत शिकवतात ते खरंच आहे, पण त्या उन्हात जेवण करून बसलं की ते हळूच कूस बदलतायत असं वाटतं. तुळशीदास एका कॉलेजात हेडक्लार्क होता. कॉलेजला सुट्टी होती आणि ओट्यावरच्या आरामखुर्चीत पडून तो डोंगरांवर लक्ष ठेवून होता. तेवढ्यात मोखाड्याहून मामांचा फोन आला.

मामा म्हणजे वर्षालीचे मामा. वर्षाली म्हणजे तुळशीदासचा धाकटा भाऊ सुदेश याच्यासाठी सांगून आलेली मुलगी. ती सूर्यमाळच्या बाजूला पाड्यापाड्यांतून फिरणारी नर्स होती. तिला वडील नव्हते, म्हणून लग्नाचं सगळं मामा बघत. ते पंचायत समितीतून निवृत्त झाले होते, तरी समोर फाइल उघडी असल्यासारखंच बोलत.

"शिक्षण ठीक. नोकरी ठीक. पत्रिका ठीक," मामा म्हणाले. "एवढंच सांगा, मुलगा स्वभावाने कसा?"

पुरता जागा असलेला कुठलाही भाऊ म्हणाला असता, "मनमिळाऊ." पण तुळशीदासचे डोळे मिटलेले होते आणि मिटल्या डोळ्यांपुढे सुदेश उभा राहिला होता. जव्हारजवळच्या वांगणीच्या शाळेत शिकवणारा, जीपमधली जागा कुणाला तरी देऊन अर्धी वाट चालत येणारा सुदेश. मागच्या वर्षी त्याला एका भामट्याचा फोन आला होता, बँकेतून बोलतोय म्हणून. सुदेश त्याला म्हणाला, "नंबर आलाय, पण तो कुणाला सांगू नका असं तुमच्याच बँकेने खाली लिहिलंय. तुम्हाला तुमच्या साहेबांपुढे खाली बघायला लागेल असं काही माझ्या हातून नको." पलीकडचा बराच वेळ झगडला. शेवटी सुदेशनेच त्याला विचारलं, आवाज एवढा बसलाय, औषध घेतलंत का? यंदा दिवाळीला त्या भामट्याचा शुभेच्छांचा फोन आला होता.

हे सगळं आठवून तुळशीदास मनापासून म्हणाला, "भोळा आहे हो. अगदी भोळा."

मग मामा म्हणाले, "बरं. कळवतो," आणि फाइल बंद झाल्याचा आवाज यावा तसा फोन बंद झाला.

"कुणाशी बोलत होतात?" आतून सुषमा चकल्यांचा डबा घेऊन बाहेर आली. ती तुळशीदासची बायको, आणि झोपेत बोललेलं निस्तरण्याचा तिला संसारभराचा अनुभव होता. तुळशीदासने मोठ्या समाधानाने सगळं सांगितलं. डब्याचं झाकण तिच्या हातातच राहिलं.

"भोळा म्हणालात? लग्नाच्या बोलण्यात?"

"मग काय झालं? शंकराला भोळा म्हणतात."

"शंकराचं लग्न झालेलं आहे," सुषमा म्हणाली.

कुंपणापलीकडून चंद्रकलाकाकू आल्या. त्यांना बोलवावं लागत नसे. त्यांनी आजवर बरीच लग्नं जुळवली होती आणि जवळपास तितकीच मोडली होती, त्यामुळे त्यांच्या शब्दाला दोन्ही बाजूंनी वजन होतं. त्या चकली मोडत म्हणाल्या, "अरे तुळशीदास, लग्नाची भाषा वेगळी असते. मुलगा शांत आहे म्हणजे घुमा. हौशी म्हणजे संध्याकाळी घेतो. मुलगी गृहकृत्यदक्ष म्हणजे सासूशी भांडायला मोकळी. आणि भोळा म्हणजे..." त्यांनी उरलेली चकली कपाळाशी नेऊन गोल फिरवली.

तुळशीदास दुखावला. कॉलेजच्या सगळ्या सूचना त्याच्या हातच्या. "विद्यार्थ्यांनी" मधल्या अनुस्वारासाठी तो प्राचार्यांशी भांडलेला माणूस. त्याला मराठी शब्दाचा अर्थ चकलीने समजावून द्यावा, हे फार झालं. पण चकली फिरली ती फिरली. त्याने लगेच मोखाड्याला फोन लावला.

मोखाड्यात रेंज वाऱ्यावर येते आणि वाऱ्यावर जाते. तेव्हा मामांच्या कानापर्यंत नेमकं किती पोचलं ते सांगता येणार नाही, पण तुळशीदास जे बोलला ते असं होतं:

"मामा, मघाशी मी भोळा म्हणालो, तो तसा भोळा नव्हे."

"मग कसा?"

"म्हणजे भाबडा."

"म्हणजे त्याला कुणीही फसवू शकतो?"

"छे छे! त्याला फसवताच येत नाही. म्हणजे येतं, पण त्याला ते कळत नाही, त्यामुळे फसवणाऱ्यालाच कसंतरी होतं."

"बरं," मामा म्हणाले. या वेळी त्यांनी कळवतोसुद्धा म्हटलं नाही.

जव्हार आणि मोखाडा यांच्यामध्ये घाट आहे, दऱ्या आहेत, आणि दिवसभर फिरणाऱ्या जीपगाड्या आहेत. माणसं त्यांत कोंबून जातात, पण बातमी ऐसपैस बसून जाते. दुसऱ्या दिवशी तुळशीदास भाजी आणायला निघाला तेव्हा जीपवाल्या पोश्याने त्याला स्टँडवर गाठलं. पोश्या काही वर्षं ठाण्याला गाडी चालवून आलेला, त्यामुळे दिलासा हिंदीतून देत असे.

"सर, टेन्शन मत लो. आजकाल सगळ्यावर इलाज हाय. आपला सुदेश गुरुजी, कधीपासून असा झाला?"

"कसा झाला?"

"म्हंजे... लोक म्हनतात." पोश्याने चकलीशिवायच बोट कपाळाजवळ गोल फिरवलं. "नाशिकला एक डॉक्टर हाय. माझ्या साडूला लय फरक पडला."

पुढच्या वळणावर पानवाल्याने एका भगताचं नाव सुचवलं. कॉलेजच्या शिपायाने हळूच हात दाबून "सर, धीर धरा" म्हटलं. तुळशीदास भाजी न घेताच परतला. एक शब्द, दोन अक्षरांचा, प्रेमाने उच्चारलेला, आणि त्यावर सगळा तालुका उभा राहिला. ओट्यावरून त्याने डोंगरांकडे पाहिलं. त्या दुपारी तेसुद्धा पाठ करून झोपलेले होते.

सुदेशला यातलं काही ठाऊक नव्हतं. लोक आजकाल त्याच्याशी फार सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत. सुदेशला वाटलं दिवाळीमुळे सगळे निवांत आहेत. त्याला ते आवडलं.

चार दिवसांनी मामांचाच फोन आला. वर्षालीला आलेली इतर स्थळं तिने स्वतः नाकारली होती. कारण विचारलं की ती म्हणायची, "बोलतात ते वेगळं आणि असतं ते वेगळं." म्हणून मामांनी हे स्थळ अजून कपाटात टाकलं नव्हतं. पण तोंडी खुलाशावर त्यांचा विश्वास नव्हता. "काहीतरी लेखी आणा," ते म्हणाले. नोकरीच्या काळात त्यांनी माणसांना जिवंत असल्याचे दाखले मागितले होते. त्या मानाने ही मागणी सौम्य होती.

तुळशीदास आधी ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. "कमी ऐकू येतं, कमी दिसतं, याची टक्केवारी मी लिहून देऊ शकतो. भोळेपणा किती टक्के, हे काढायचं मशीन नाही."

"भोळा नाही एवढंच लिहा."

"नाही असं लिहायचं तर तपासायला हवं. आणि तपासलं आणि निघाला तर?"

तिथून तो एका पुढाऱ्याच्या कचेरीत गेला. तिथे वर्तणुकीचा दाखला मागेल त्याला मिळत असे. कॉम्प्युटरवर बसलेल्या भावेशने नाव विचारलं, एक बटण दाबलं आणि कागद हातात ठेवला. तुळशीदासने वाचलं: "सदर व्यक्ती माझ्या चांगल्या परिचयाची असून स्वभावाने साधीभोळी आहे."

"यातलं भोळी काढा," तुळशीदास घाबरून म्हणाला.

"निघत नाही सर. साहेबांच्या मजकुरात ते पहिल्यापासून आहे."

"अहो, पण मला नेमकं तेवढंच नको आहे."

"तुम्हीच पहिले," भावेश म्हणाला. "बाकी सगळे हेच मागतात. मागच्या महिन्यात एकाच्या जामिनाला लावलं, त्याचं काम झालं."

तुळशीदासने तो कागद घडी करून खिशात घातला आणि जयसागर धरणाच्या काठावर जाऊन बसला. पाण्यात एक ढग पडला होता आणि एक बगळा त्यात पाय बुडवून उभा होता. साधीभोळी व्यक्ती, त्याने मनाशी म्हटलं. जामीन मागणाऱ्यांना चालते, फक्त नवरदेवाला चालत नाही. काय भाषा आहे आपली! बगळ्याने दुसरा पाय बुडवला. तुळशीदासला तिथेच डुलकी लागली असती, पण मामांचा फोन वाजला.

"कागदाचं राहू द्या," मामा म्हणाले. "बाजाराच्या दिवशी मुलाला घेऊन या. मीच तपासतो."

सुषमाने यायला साफ नकार दिला. "शब्द तुम्ही वापरलात, तुम्हीच निस्तरा," ती म्हणाली, पण सुदेशच्या शर्टाला तिनेच इस्त्री केली. चंद्रकलाकाकूंनी कुंपणावरून सल्ला दिला की मुलाने जरा चलाख दिसावं. मग आदल्या संध्याकाळी तुळशीदासने भावाला समोर बसवलं.

"उद्या जरा चलाख वाग."

"वागतो," सुदेश म्हणाला. "दादा, म्हणजे काय करायचं?"

हा प्रश्न तुळशीदासला स्वतःला कधी पडला नव्हता. त्याने विचार करून सांगितलं, "कुणी काही म्हणालं की लगेच मान डोलवायची नाही. खात्री करून घ्यायची. उलट विचारायचं, कशावरून?"

"कशावरून," सुदेशने पाठ केलं. तो कुठलीही गोष्ट मनापासून करत असे, हे त्या वेळी तुळशीदासच्या ध्यानात यायला हवं होतं.

बाजाराच्या दिवशी पोश्याची जीप ठरवून दोघे मोखाड्याला गेले. पोश्या वाटभर सुदेशशी अगदी हळू आवाजात बोलत होता आणि सुदेश त्याला तितक्याच हळू आवाजात उत्तरं देत होता. मामांच्या घरी सतरंजी, पोहे, पंखा, सगळं जय्यत होतं. मामा खुर्चीत ताठ बसले होते. वर्षाली चहा घेऊन आली. सावळी, उंच, कामावरून आल्यासारखी घाईत, आणि चेहऱ्यावर बघण्याच्या कार्यक्रमाचा कसलाही भाव नाही.

"ही माझी भाची, वर्षाली," मामा म्हणाले.

"कशावरून?" सुदेशने विचारलं.

पंख्याचा आवाज एकदम मोठा झाला. मामांनी घसा साफ केला. "म्हणजे? माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे."

सुदेशने भावाकडे पाहिलं. तुळशीदास डोळ्यांनी नको नको म्हणत होता, पण सुदेशला वाटलं की दादा हुरूप देतोय. "सख्ख्या कशावरून?" त्याने नम्रपणे विचारलं.

"चहा घ्या!" मामा जवळजवळ ओरडले.

"हा चहाच आहे कशावरून?"

मामा उठले. तुळशीदासही उठला, कारण नक्की काय करायचं ते न कळल्यावर माणूस उठतो. वर्षालीने मात्र हातातला कप आधी नीट बशीत ठेवला. मग ती सुदेशकडे वळली.

"तुम्हाला असं बोलायला कुणी सांगितलं?"

"दादाने," सुदेश म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं हसू आलं. "मी भोळा वाटू नये म्हणून. पण मला जमत नाहीये. चहा चांगला आहे, मला वासावरूनच कळलं होतं."

जमिनीने पोटात घ्यावं असं लोक म्हणतात, ते काय असतं हे तुळशीदासला त्या क्षणी कळलं. मोखाड्याची जमीन कातळाची, तिने त्याला घेतलं नाही. मामा म्हणाले, "आपण पुन्हा कधीतरी बोलू," आणि दाराकडे हात केला. वर्षाली ओठ दाबून उभी होती. ती रागावली की हसू आवरतेय ते सांगणं कठीण होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलला.

"सूर्यमाळच्या वरच्या पाड्यावर कमू म्हणून बाई आहे," ती मामांना म्हणाली. "दिवस भरलेत, पाय सुजलेत. तीनदा सांगून आले दवाखान्यात चल म्हणून, सासू पाठवत नाही. आता चक्कर आलीय म्हणतायत. दवाखान्याची गाडी दुसरीकडे गेलीय." मग ती तुळशीदासकडे वळली. "सर, बाहेरची जीप तुमची ना?"

"आमचीच आहे. चला," तुळशीदासच्या आधी सुदेश म्हणाला. हे त्याने कशावरून न विचारताच म्हटलं.

सूर्यमाळचा रस्ता चढाचा. दोन्ही अंगांनी खुरासणी फुलली होती, सगळा उतार पिवळा, आणि मधूनच कापलेल्या नागलीचे करडे तुकडे. वारा आला की तो पिवळा रंग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहत जाई. पोश्या गाडी हाणत होता. एवढी मानहानी होऊनही आपल्याला छान वाटतंय, याची तुळशीदासला मनातून लाज वाटली.

पाडा जवळजवळ रिकामा होता. कमूचा नवरा मंगळू दिवाळी होताच ठाण्याकडे कामाला गेला होता, बाकीचे बाजाराला. कुडाच्या घराच्या दारात सासू बसली होती, बुधी तिचं नाव. वाळलेल्या लाकडासारखी चिवट म्हातारी. आत कमू भिंतीला टेकून बसली होती. वर्षालीने तिचा हात हातात घेतला, तपासलं, आणि बाहेर येऊन म्हणाली, "बुधीआजी, आज न्यायलाच हवं. तू पण चल, ती एकटी यायला घाबरते."

"उद्या जाऊ," बुधी म्हणाली.

"आजी, मागच्या वेळी पण उद्याच म्हणाली होतीस."

"उद्या जाऊ म्हनलं ना."

वर्षालीने कपाळाला हात लावला. पोश्या जीपला टेकून म्हणाला, "सर, हिचं उद्या म्हंजे नाय. मला म्हाईत हाय." तुळशीदासलाही ते कळत होतं. तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

सुदेश पुढे गेला आणि म्हातारीसमोर उकिडवा बसला. "आजी, उद्या किती वाजता?"

बुधीने त्याच्याकडे पाहिलं. "सकाळचं."

"मग रात्री हिला काही झालं तर जवळ गाडी हवी. आम्ही इथेच थांबतो. सकाळी बरोबर जाऊ." आणि तो खरोखरच ओट्यावर टेकला. बूट काढून शेजारी ठेवले.

म्हातारी त्या बुटांकडे बघत राहिली. आजवर लोकांनी तिला समजावलं होतं, दटावलं होतं, ते तिच्या उद्याला हसले होते. ते उद्या खरं धरून बूट काढून बसणारं कुणी भेटलं नव्हतं.

"कोन रं तू?"

"वांगणीच्या शाळेत गुरुजी आहे."

"थांबशील? खरंच थांबशील?"

"हो."

"मंग हितंच थांब की!" बुधी एकदम म्हणाली. "बकऱ्यांपाशी थांब. परवा वाघरानं एक नेली. घरात कोन नाय, पोऱ्या कामाला गेला, म्या गेली तं सांच्याला आत कोन घेल? पोर आली का दुधाला बकऱ्या बी लागतील ना तिला."

वर्षाली मटकन खाली बसली. "अगं, मग हे बोलायचं होतंस ना!"

"बकऱ्यांसाठी सून थांबवली म्हनली असतीस," बुधी पुटपुटली आणि उठून गाठोडं बांधायला लागली.

थोड्याच वेळात कमू आणि बुधी जीपमध्ये बसल्या. वर्षाली सुदेशला म्हणाली, "मी सकाळी येते." सुदेश म्हणाला, "बरं." तुळशीदाससाठी पुढे जागा होती. तो बसलाही. सुषमाचा फोन येणार होता, अंगावर पांढरा शर्ट होता, आणि बकऱ्या सांभाळणं हे हेडक्लार्कच्या कामात बसत नाही. पोश्याने गाडी सुरू केली. आरशात सुदेश दिसत होता. एका बकरीने त्याच्या शर्टाचं टोक तोंडात धरलं होतं आणि तो तिला काहीतरी समजावत होता.

"थांब रे," तुळशीदास म्हणाला आणि उतरला.

संध्याकाळ पाड्यावर हलकेच आली. दोघा भावांनी बकऱ्या आत घेतल्या. म्हणजे सुदेशने घेतल्या आणि तुळशीदासला एकीने पाडलं. टोपलीत नागलीची भाकर होती, बुधीने जाताना सांगितलेली, ती दोघांनी मिठाबरोबर खाल्ली. खाली दूरवर वैतरणेच्या पाण्याची एक पट्टी चमकत होती, मग तीही विझली. खुरासणीचा पिवळा रंग मात्र अंधार पडला तरी जमिनीवरून उठायला तयार नव्हता.

"मुलगी आवडली का रे तुला?" तुळशीदासने विचारलं.

"हो. तिला राग आला तेव्हा तिने आधी कप खाली ठेवला." सुदेशने शर्टाचं चावलेलं टोक नीट केलं. "दादा, भोळा म्हणजे नक्की काय?"

तुळशीदासने बरीच वर्षं मराठीत नोटिसा काढल्या होत्या. तो शब्द शोधत राहिला. आत एक बकरी उठली, वळली, पुन्हा बसली.

"समोरचा बोलला तेवढंच ज्याला ऐकू येतं, तो," तो शेवटी म्हणाला.

"मग बाकीच्यांना काय ऐकू येतं?"

याचं उत्तर देण्यासाठी तुळशीदासने तोंड उघडलं, आणि तसाच विचार करता करता त्याला भिंतीला टेकून झोप लागली.

सकाळी खालची सगळी दरी धुक्याने भरली होती. जीप दिसण्याच्या कितीतरी आधी तिचा आवाज आला, धुक्यात कुणी घसा खाकरावा तसा. आधी मालू उतरली, ती बुधीची खालच्या गावात दिलेली लेक, बकऱ्यांसाठी बोलावून आणलेली. मग वर्षाली. तिचे डोळे जागरणाने लाल झाले होते. पुढच्या सीटवर कानटोपी घातलेले मामा होते.

"मुलगी झाली," वर्षाली म्हणाली. "दोघी बऱ्या आहेत. बुधीआजी नातीला सोडायला तयार नाही."

सुदेशचा चेहरा उजळला. मग ताबडतोब तो मालूला सांगायला लागला की काळी बकरी मागच्या पायाने लंगडते आणि पांढरी शर्ट खाते.

वर्षाली त्याच्याकडे बघत उभी होती. "मला उशीर झाला," ती म्हणाली. "तुम्हाला वाटलं नाही, ही येतेय की नाही म्हणून?"

"नाही," सुदेश जरा गोंधळून म्हणाला. "तुम्ही सकाळी येते म्हणाला होतात ना."

वर्षालीने मान वळवून दरीकडे पाहिलं. तिथे धुक्याशिवाय पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी ती बराच वेळ पाहत राहिली.

मामा खाली उतरले होते. त्यांनी तुळशीदासला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. पांढऱ्या शर्टावर लेंड्यांचे डाग, केसांत गवत, कोपर खरचटलेलं.

"पोश्या म्हणत होता गाडीत तुम्हाला जागा होती."

"होती."

"मग का उतरलात?"

"हा थांबला होता म्हणून."

"बरं," मामा म्हणाले. कानटोपी काढून त्यांनी ती झटकली आणि पुन्हा घातली. "म्हणजे हे तुमच्या घराण्यातच आहे म्हणायचं."

आठवडाभर त्या शब्दासाठी धावाधाव केलेला तुळशीदास यावर काहीतरी खणखणीत खुलासा करणार होता. पण त्याच्या कानाची पाळी उगाचच गरम झाली, आणि त्याला फक्त "हो" एवढंच सुचलं.

सुदेशने बकऱ्यांचा निरोप घेतला. पोश्याने जीप वळवून लावली आणि मागचं दार उघडलं. काल दिवसभर वर्षाली तुळशीदासला सर म्हणत होती. आता ती जीपजवळ आली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही पुढे बसा मामांजवळ. आम्ही मागे बसतो."

पोश्याने आरसा उगाचच सरळ केला. मामा पुढच्या सीटवर चढले आणि आत सरकून त्यांनी तुळशीदाससाठी जागा केली.

"बसा," ते म्हणाले. "याद्या तुळशीचं लग्न झाल्यावर करू."